हॉकी स्टिकचं कार्बनचं ब्लेड घरी वाकवता येतं का, आणि किती

बेळगावात स्केटिंग म्हणजे काय हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, प्रत्येक गल्लीत एखादं तरी पोर रिंकवर जाऊन आलेलं असतंय. त्यातली काही पोरं पुढं इनलाइन हॉकीकडं, म्हणजे चाकांच्या स्केट्सवर खेळायच्या हॉकीकडं, वळतात आणि तिथं पहिली अडचण येते ती स्टिकची. इथल्या स्पोर्ट्सच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी हव्या तेवढ्या मिळतील पण इनलाइनची कंपोझिट स्टिक मिळणं मुश्कील, मग कुणी ऑनलाइन मागवतं, कुणी बेंगळूर नाहीतर पुण्याहून आणवून घेतं, कुणाचा मामा कॅनडात असतो तो सुट्टीला येताना वापरलेली घेऊन येतो. हातात आल्यावर कळतं की ब्लेडचा, म्हणजे खालच्या चपट्या भागाचा, कर्व्ह (वाक) जास्तच आहे, किंवा सगळा कर्व्ह टोकाकडंच आहे, आणि पोरगं म्हणतं पास दिला की पक (बॉलऐवजी वापरतात ती चकती) जमिनीवर राहतच नाही. मग कुणीतरी व्हिडिओ बघतं, त्यात एक माणूस ब्लेडवर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवतो, दाराच्या फटीत अडकवून वाकवतो, पाण्यात बुडवतो, झालं काम. आणि मग रिंकवर विचारणा सुरू होते, "काका, आमचं पण तसं करून देताय काय?"

तर करता येतं. पण थोडंच करता येतं, आणि ते थोडं म्हणजे किती हे आत काय चाललंय ते समजल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी आतलं सांगतो आणि मग कृती, कृती आधी वाचायला जाऊ नका.

हे ब्लेड बनतं कशाचं? बाहेरून काळं, कडक आणि हलकं दिसतं त्यामुळं लोक त्याला भारी प्लास्टिक समजतात. ते प्लास्टिक नाही. आत कार्बनचे केसापेक्षा बारीक धागे असतात, त्या धाग्यांचं कापड एकावर एक थर लावून मांडलेलं असतं, कुठं सरळ कुठं तिरकं, आणि सगळ्या थरांना बांधून ठेवणारं इपॉक्सी रेझिन असतं. ब्लेडच्या मधोमध फोम असतो, म्हणजे दोन बाजूंना कार्बनची कातडी आणि पोटात फोम अशी सँडविचची रचना. ताकद सगळी धाग्यांची आणि आकार टिकवायचं काम रेझिनचं. कंपनीत हे सगळं साच्यात घालून दाब देऊन भट्टीत शिजवतात, तिथं रेझिनमध्ये रासायनिक गाठी पडतात आणि त्या एकदा पडल्या की परत सुटत नाहीत.

इथंच लोकांची गफलत होते. प्लास्टिकची बादली गरम केली तर वितळते, हव्या त्या साच्यात ओतून दुसरी बादली करता येते. इपॉक्सी तसं वितळतच नाही. कितीही तापवा, ते पातळ होणार नाही, आधी मऊ पडेल, मग पिवळट तपकिरी होईल, बुडबुडे येतील, आणि त्याच्याही पुढं गेलात तर जळेल. म्हणजे आपल्याला काम करायला मिळतो तो फक्त मधला टप्पा, मऊ पडणं ते खराब होणं ह्याच्या मधला.

मऊ पडणं म्हणजे काय ते जरा नीट बघू कारण सगळी मेख तिथंच आहे. प्रत्येक इपॉक्सीचं एक तापमान असतं, त्याच्या खाली ते काचेसारखं ताठ असतं आणि त्याच्या वर गेलं की रबरासारखं जरा ढिलं होतं. घरी दोन ट्यूब मिसळून लावतो ते साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. भट्टीत शिजवलेलं, स्टिकमध्ये वापरतात तसलं, साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. नेमका आकडा स्टिकवर कुणी छापत नाही, आणि प्रत्येक कंपनीचं रेझिन वेगळं, त्यामुळं अमुक डिग्रीला लावा असं छातीठोक सांगणाऱ्याकडं लक्ष देऊ नका, हाताला काय जाणवतं त्यावर जायचं असतं.

आता ढिलं झालं तरी त्या रासायनिक गाठी आत शाबूत असतात. तुम्ही दाब देऊन वाकवता, तसंच धरून थंड करता, रेझिन परत ताठ होतं आणि नवा आकार अडकून बसतो. अडकून बसतो हेच म्हणतोय मी मुद्दाम, कारण आतून त्याची ओढ जुन्या आकाराकडंच असते. परत तेवढं गरम झालं की ते मागं सरकायला बघणार. त्यामुळं हे काम म्हणजे नवीन ब्लेड बनवणं नव्हे, आहे त्या ब्लेडला थोडं पटवणं आहे.

आणि धागे? कार्बनचा धागा गरम करून मऊ होत नाही, ह्या तापमानाला तर त्याला काहीच फरक पडत नाही. तो ताणायला गेलं तर दीड-दोन टक्के ताणला जातो आणि तुटतो. मग धागा लांब होत नसताना ब्लेड वाकतं कसं? एक दोनशे पानी वही घ्या आणि वाकवा. पानं लांब होत नाहीत, एकमेकांवर सरकतात, कडेला बघितलं तर पानांची तिरकी पायरी झालेली दिसते. आता तीच वही चारी बाजूंनी डिंकानं चिकटवून वाकवायला जा, वाकणार नाही, आणि जोर केलात तर आतल्या बाजूची पानं चुरगळून वर फुगतील. ब्लेडचं अगदी हेच आहे. थंड असताना थर चिकटलेले, गरम झाल्यावर मधलं रेझिन ढिलं होऊन थर थोडेसे सरकतात. थोडेसेच. जास्त सरकवायला गेलं की आतल्या बाजूचे धागे चुरगळतात, थर सुटतो, आणि हे सगळं पेंटच्या खाली होतं, बाहेरून दिसत पण नाही. पोरगं मॅचला घेऊन जातं आणि पहिल्याच स्लॅपशॉटला, म्हणजे जोरदार फटक्याला, ब्लेड मधून जातं, मग आपण म्हणतो माल डुप्लिकेट होता.

किती वाकवलं तर चालतं ह्याचं साधं गणित मांडतो, शाळेतल्या वर्तुळाच्या गणितापुढचं काही नाही त्यात. समजा ब्लेड ६ मिमी जाड आहे आणि त्याच्या २५ सेंमी लांबीत तुम्हाला कर्व्ह ५ मिमीनं वाढवायचाय. तो वाक पूर्ण लांबीवर सारखा पसरवला तर त्या वर्तुळाची त्रिज्या येते साधारण दीड मीटर, आणि वरच्या कातडीवर ताण येतो ०.२ टक्के. काहीच नाही, धागा दीड टक्क्यापर्यंत सोसतो. आता तेच ५ मिमी तुम्ही दाराच्या फटीत टोक अडकवून शेवटच्या ३ सेंमीत आणलेत, तर त्रिज्या ९ सेंमीवर येते आणि ताण तीन टक्क्यांच्या वर जातो. धागा तुटणार म्हणजे तुटणारच. वाक तेवढाच, ५ मिमी, पण एकीकडं ब्लेड सुखरूप आणि दुसरीकडं मेलं. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीच्या निम्म्या सूचना आपोआप सुचतात. वाक पसरवायचा. एका जागी मोडायचा नाही.

दाराची फट हा प्रकार आला कुठून तेही सांगतो कारण त्याला इतिहास आहे. आइस हॉकीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लेड सरळच असायचं. शिकागोच्या टीमचा स्टॅन मिकिता प्रॅक्टिसमध्ये होता, त्याची स्टिक मोडून वाकडी झाली, वैतागून त्यानं तशाच मोडक्या स्टिकनं पक मारला आणि तो वेगळ्याच तऱ्हेनं गेला. मग तो आणि त्याचाच जोडीदार बॉबी हल, दोघं मुद्दाम ब्लेड वाकवायला लागले, गरम पाण्यात भिजवायचं, दाराखाली अडकवून ठेवायचं. पण ती लाकडाची स्टिक होती हो. ओलं गरम लाकूड वाकतं, सुकल्यावर तसंच राहतं, शेकडो वर्षं सुतार लोक हे करत आलेत. लाकडावरची युक्ती लोकांनी जशीच्या तशी कार्बनवर आणली, आणि त्यातलं फक्त गरम करणं लागू पडतं, पाणी आणि दार दोन्ही नाही.

पाण्यावरून आठवलं, बरेच जण विचारतात की मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी करून त्यात बुडवलं तर? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे बहुतेक स्टिकच्या रेझिनला ते कमीच पडणार. वर कुठं टोकाला चिर असेल तर पाणी आत फोममध्ये जातं ते वेगळंच. हेअर ड्रायर पण तसंच, केसांपुरतं ठीक आहे, ब्लेडच्या पोटापर्यंत गरमी जात नाही. आणि गॅसच्या शेगडीवर धरायचं तर नावच काढू नका, ज्वाला हजार अंशांच्या वर असते, वरचा थर काही सेकंदांत जळतो आणि आतलं अजून थंडच असतं. जळक्या इपॉक्सीचा धूर पण वाईट, घरात लहान मुलं असतात, नको.

हीट गनच लागते. उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं असते, कार रॅपिंगवाल्यांकडं असते, ओळखीत मागून घेतली तरी चालते, विकत घ्यायची तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टेंपरेचर कमी-जास्त करता येतं तसली बघा. साधारण दीड ते दोन हजार वॅटची असते, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा ते नऊ अँपिअर खेचणार, त्यामुळं साध्या ६ अँपिअरच्या छोट्या प्लगला लावू नका, गिझरचा नाहीतर मिक्सरशेजारचा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट बघा. बारीक वायरीचं एक्स्टेंशन पण नको, वायर तापते.

दुसरी वस्तू म्हणजे तापमान बघायचं इन्फ्रारेड गन. कोविडच्या वेळी घेतलेलं कपाळावर धरायचं थर्मामीटर इथं चालत नाही, ते ४२-४३ अंशांच्या पुढं दाखवत नाही. फाउंड्रीत नाहीतर एसी रिपेअरवाल्याकडं असतं ते हवं. ते पण फक्त वरच्या कातडीचं तापमान सांगतं, आतलं नाही, म्हणून आकडा आला की लगेच वाकवायचं नाही, गरमी आत मुरायला वेळ द्यायचा.

करायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, ब्लेडवर आधीच चिर किंवा मऊ जागा आहे का. दोन रुपयाचं नाणं घ्या आणि ब्लेडवर हलक्या हातानं ठोकत हीलपासून, म्हणजे दांड्याच्या जोडापासून, टोकापर्यंत या, दोन्ही बाजूंनी. चांगल्या ठिकाणी टक टक असा स्वच्छ आवाज येतो, थर सुटलाय तिथं भद्द येतो. ही काही गावठी टेस्ट नाही, विमानाचे कंपोझिट पार्ट तपासायला पण नाणं ठोकायची पद्धत वापरतात. एका ठिकाणी जरी भद्द आवाज आला तरी ते ब्लेड गरम करू नका, आहे तसं वापरू द्या जाईल तितके दिवस. टेप आधी काढून टाका बरं का, टेपवरून आवाज कळत नाही.

दुसरी गोष्ट ओल. आपल्याकडं जूनपासून पाऊस लागला की महिना महिना काही सुकत नाही, स्टिक भिजलेल्या टेपसकट बॅगेत पडून असते. इपॉक्सी दमट हवेत थोडं पाणी शोषतं आणि फोममध्ये पाणी शिरलं असेल तर विचारूच नका, शंभर अंशांच्या वर तापवलं की त्याची वाफ होते, वाफेला जायला जागा नसते, मग कातडी फुगून फोड येतो. फोड आला की ब्लेड संपलं, तो दाबून बसत नाही. म्हणून पावसाळ्यात हा उद्योग करूच नये असं माझं मत आहे. करायचाच असेल तर टेप काढून, हवेशीर जागी आठवडाभर ठेवून मगच.

आता कृती. पहिलं काम हीट गनचं नाही, कागद-पेन्सिलीचं. ब्लेड खालच्या कडेवर कागदावर उभं ठेवा आणि बारीक पेन्सिलीनं कर्व्हची रेघ ओढून घ्या. मग दुसऱ्या रंगानं हवा तो कर्व्ह काढा. दोन रेघांमधलं जास्तीत जास्त अंतर मोजा. ते ४-५ मिमीच्या आत असेल तर पुढं जा. दहा-बारा मिमी येत असेल तर थांबा, तुम्हाला वेगळी स्टिक हवी आहे, वेगळा आकार नव्हे. बहुतेक वेळा काय होतं, पोराला लागतो फरक दोन-तीन मिमीचाच पण व्हिडिओ बघून त्याला वाटतं की ब्लेड केळ्यागत वाकलं पाहिजे. ही रेघ ओढली की ते त्याला पण दिसतं. माझ्या मते ह्या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

मग साचा. सुताराकडून प्लायवूडचे दोन तुकडे कापून घ्या, एकाला आतला गोल आणि एकाला बाहेरचा, तुमच्या दुसऱ्या रेघेपेक्षा एक-दोन मिमी जास्तच वाक ठेवून, कारण सोडल्यावर ब्लेड थोडं मागं येतंच. प्लायवर जुनं ब्लँकेट नाहीतर जाड सुती कापड लावा म्हणजे पेंटला ओरखडे पडत नाहीत. दोन सी क्लॅम्प पुरतात. एवढं नसेल जमत तर गुडघ्यावर जाड टॉवेल टाकून दोन्ही हातांनी वाकवतात लोक, जमतं पण, फक्त वाक पसरलेला राहील ह्याकडं लक्ष पाहिजे, आणि हातात कातडी ग्लोव्हज पाहिजेतच.

हीट गन मध्यमवर ठेवा, ब्लेडपासून वीतभर लांब धरा आणि हलवत राहा, एका जागी थांबायचं नाही. ही बाजू, ती बाजू, परत ही बाजू. घाई झाली की वरचा थर करपतो आणि पोट थंड राहतं, मग वाकवलं की वरचं सरकतं आणि आतलं अडून बसतं, थर सुटायचं मुख्य कारण हेच. इन्फ्रारेड गननं बघत राहा, १०० च्या आसपास आलं की हळूच बोटानं, ग्लोव्ह घालूनच, टोक दाबून बघा. थंड ब्लेड दाबल्यावर टणकन मागं येतं. ढिलं झालेलं ब्लेड जरा आळसल्यासारखं, सावकाश मागं येतं. तो फरक हाताला एकदा कळला की परत विसरत नाही. नाही आलं तर आणखी पाच-दहा अंश वाढवा, परत दाबून बघा. दीडशेच्या वर जायची वेळ आली तर सोडून द्या, त्या ब्लेडचं रेझिन घरी वाकण्यातलं नाही. पेंटचा वास यायला लागला, चमक गेली, बारीक पुरळ उठल्यासारखं दिसलं तरी थांबा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, शक्यतो अंगणात नाहीतर गच्चीवरच करा.

ढिलं झालं की साच्यात घाला आणि क्लॅम्प एकदम आवळू नका, एक फेरा इकडं, एक फेरा तिकडं. कुठं कट असा आवाज आला तर तिथंच थांबायचं. आवळून झालं की सोडून द्या, तसंच, पार हाताला गार लागेपर्यंत. व्हिडिओत नळाखाली धरतात ते लोक लवकर संपवायला धरतात. बाहेरची कातडी झटकन आकसते आणि आतलं गरमच असतं, उगाच आत ताण कशाला कोंडायचा, घाई असेल तर फार तर ओलं फडकं लावा शेवटी. मी तर म्हणतो क्लॅम्प रात्रभर ठेवा, काही बिघडत नाही.

सकाळी काढून कागदावरच्या रेघेशी लावून बघा. कमी पडलं असेल तर अजून एकदा करता येतं, पण तेच तेच चार-पाच वेळा नको, दर वेळी आतले धागे थोडे थोडे चुरगळत असतात. परत नाण्यानं ठोकून बघा. आधी टक टक वाजणारी जागा आता भद्द वाजली तर ती स्टिक मॅचला नेऊ नका. मोडलेल्या ब्लेडचं कार्बनचं टोक सुईसारखं असतं आणि समोर दुसऱ्याचं पोरगं असतं.

हीलला, म्हणजे ब्लेड आणि शाफ्ट (दांडा) जिथं जुळतात तिथं, गरमी लावू नका. बऱ्याच स्टिकमध्ये ब्लेड वेगळं बनवून तिथं चिकटवलेलं असतं आणि ब्लेड बदलता येतं त्या स्टिकमध्ये तर तिथं चक्क गरम करून लावायचा ग्लू असतो, गरम केल्यावर ब्लेड सुटून यावं म्हणूनच तो असतो. कर्व्ह वाढवायला गेलात आणि ब्लेड हातात आलं असं व्हायचं. हीलला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की तिकडं गरमी पोचत नाही. बाकी असली ब्लेड बदलायची स्टिक मिळाली तर सोनं समजा, ब्लेडवर प्रयोग करायची भीती कमी होते.

लेफ्टची स्टिक राइट करता येते का, हा प्रश्न पण खूप येतो, कारण ऑनलाइन मागवताना लेफ्ट-राइट हमखास उलटं होतं. नाही करता येत. एका बाजूला १२ मिमी वाकलेलं ब्लेड दुसऱ्या बाजूला १२ मिमी न्यायचं म्हणजे २४ मिमीचा फेर झाला. आणि ब्लेडला नुसता वाक नसतो, पीळ पण असतो, तोंड थोडं आभाळाकडं उघडं असतं, तो पीळ उलटा करायचा म्हणजे प्रत्येक थर सगळ्या दिशांनी चुरगळणार. ती स्टिक दुसऱ्या हाताच्या पोराला देऊन टाका किंवा बदलून घ्या. लहान पोरगं अजून कुठल्याच हाताला पक्कं बसलेलं नसेल तर त्याला आधी दोन्ही स्टिक हातात देऊन बघा, मगच विकत घ्या, हे दुकानात शक्य नसलं तरी रिंकवर मोठ्या पोरांच्या स्टिकवर होतं.

पक उडतोय ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हा पीळच आधी बघावा. पी ९२ म्हणून ब्लेडच्या आकाराचा जो पॅटर्न सगळीकडं मिळतो त्याचं तोंड बऱ्यापैकी उघडं असतं, पी ८८ चं त्यामानानं कमी, आणि पी २८ चा कर्व्ह टोकाकडं. कर्व्ह कमी केला तरी तोंड उघडंच राहिलं तर पक उडणारच, मग बिचाऱ्या ब्लेडला तापवून काय उपयोग. पीळ घरी बदलणं कर्व्हपेक्षा अवघड आहे, मी सांगेन की त्याच्या मागं लागू नका. पासच्या वेळी पोराला वरचा हात जरा पुढं घेऊन ब्लेड पकवर झाकायला शिकवा, कोच लोक हेच सांगत असतात.

ब्लेडचा जमिनीशी असणारा कोन, ज्याला लाय म्हणतात, तोही गरम करून बदलत नाही. टोक वर उचललेलं राहत असेल तर स्टिक पोराला लांब होतेय का बघा, बहुतेक वेळा वरून दोन बोटं शाफ्ट कापला की ब्लेड सपाट बसतं. हो, शाफ्ट आखूड केला की तो ताठ लागतो, लहान पोरांच्या बाबतीत ते ध्यानात ठेवा.

टोकाचा आकार घासून बदलणं मात्र घरी चांगलं होतं. आपल्या सिमेंटच्या रिंकवर ब्लेडची खालची कड आणि टोक झिजतंच, धागे बाहेर येतात, त्याला नुसती टेप मारून चालत नाही. कानस नको, धागे उचकटते. वॉटर पेपर घ्या, २२० नंबरचा, पाण्यात भिजवून घासा, मग ४०० चा. ओलंच घासायचं कारण कार्बनची सुकी धूळ अंगाला खाजते, नाकात गेली तर वाईट, आणि ती वीज वाहून नेते, पंख्याखाली किंवा बोर्डाजवळ घासलं तर धूळ आत बसून शॉर्ट होऊ शकतं. एन ९५ मास्क लावा. आकार आला की पूर्ण सुकवून उघड्या पडलेल्या कडेला दोन ट्यूबवालं हळू वाळणारं इपॉक्सी लावा, पाच मिनिटांत वाळणारं नको, फेव्हिक्विक तर नकोच, ते काचेगत कडक होऊन पहिल्याच ठोक्याला उडतं. आणि हे घासणं-लावणं वाकवून झाल्यावर करायचं, आधी केलंत तर घरचं इपॉक्सी हीट गनखाली उकलेल.

नियमाचं पण बघायला हवं. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये, १९७० ला कर्व्हची मर्यादा अर्ध्या इंचावर आणली होती, आता ती पाऊण इंच आहे, म्हणजे १९ मिमी. १९९३ च्या एनएचएलच्या स्टॅनली कपच्या फायनलमध्ये लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅकसोर्लीची स्टिक मोजून बघायला लावली मॉन्ट्रियलच्या कोचनं, कर्व्ह जास्त निघाला, पेनल्टी बसली, त्याच पेनल्टीत मॉन्ट्रियलनं बरोबरी केली आणि ओव्हरटाइमला मॅच काढली. पोराची टूर्नामेंट असेल तर त्या टूर्नामेंटचं रूलबुक बघून किंवा रेफरींना विचारून मगच हात लावा. आणि वॉरंटी असेल तर गरम केल्यावर ती गेली असं धरून चाला.

लेले ग्राउंडवर खेळणाऱ्या फील्ड हॉकीच्या पोरांसाठी वेगळं सांगतो, कारण ती पण हेच व्हिडिओ बघतात. बेळगावला त्या खेळाची मोठी परंपरा आहे, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या टीममध्ये आपले बंडू पाटील होते आणि गोलमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. त्या काळची तुतीच्या लाकडाची स्टिक वेगळी. आताची कंपोझिट फील्ड स्टिक घरी अजिबात गरम करू नका, ना हूक, ना दांडा. तिथं पूर्ण स्टिकचा बो (लांबीतला वाक) जास्तीत जास्त २५ मिमी चालतो आणि स्टिक ५१ मिमीच्या रिंगमधून आरपार गेली पाहिजे, कंपनीवाले त्या मर्यादेच्या अगदी कडेला माल बनवतात, तुम्ही दोन मिमी इकडं तिकडं केलं की स्टिक बाद. शिवाय त्यात दांडा आतून पोकळ असतो आणि पूर्ण जोराचा हिट त्यावरच येतो. हव्या त्या बोची स्टिक घ्यायची, हाच रस्ता.

वाकवलेल्या ब्लेडची पुढची काळजी एकच, ऊन. एप्रिल-मे मध्ये उन्हात काचा बंद करून लावलेल्या गाडीत हवाच साठ अंशांच्या आसपास जाते आणि काळं ब्लेड थेट उन्हात असेल तर त्याहून जास्त तापतं, अडकून बसलेला वाक तिथं हळूहळू सुटायला लागतो. टूर्नामेंटला जाताना बॅग डिकीत दिवसभर ठेवू नका, आत सावलीत घेऊन जा. तो कागद जपून ठेवा आणि महिन्यातून एकदा ब्लेड त्यावर उभं करून बघा. एखाद-दुसरा मिमी मागं गेला असेल तर जाऊ द्या, पोरगं तोवर त्याला सरावलेलं असतं. जास्त गेलं असेल तर आधी नाणं ठोकून बघा, मगच परत हीट गन काढायची का नाही ते ठरवा.